पाच राळा, एक शंखाचे झाकण आणि तीन कुप्या: जेरुसलेममध्ये घेतलेल्या धुपाच्या पेटीविषयी

जेरुसलेमच्या जुन्या शहरातील एका लहानशा दुकानातून मी २२० शेकेल मोजून एक लाकडी पेटी विकत घेतली. झाकणावर सात फांद्यांच्या दीपवृक्षाचे चित्र असून त्याखाली ‘मंदिराचा सुगंध’ असे हिब्रूत आणि इंग्रजीत छापलेले आहे. आत पाच राळांच्या काचेच्या बरण्या, सहाव्या बरणीत समुद्री शंखाच्या तोंडावरची नखासारखी झाकणे, दहा-दहा मिलिलिटरच्या तीन तेलांच्या कुप्या, पितळेचे धुपाटणे, कोळशाच्या गोल वड्यांची गुंडाळी आणि सोळा पानांची पुस्तिका आहे. प्राचीन इस्राएली लोकांच्या घरांत आणि जेरुसलेमच्या त्यांच्या मंदिरात जो वास दरवळत असे तोच या पेटीतून आपल्या घरी येईल, असे आश्वासन पुस्तिकेच्या पहिल्याच वाक्यात दिलेले आहे. दोन महिने मी ही पेटी वापरली आणि तिच्यातली प्रत्येक वस्तू जाळून, घासून, शक्य तिथे चघळूनही पाहिली. राळा चांगल्या आहेत, तीनपैकी दोन तेले टाकाऊ आहेत, आणि जी बरणी उघडल्याबरोबर बहुतेक माणसे नाक मुरडतील तीच या पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू आहे, असे माझे मत झाले आहे.

लेवोना, म्हणजे मराठी बायबलात ज्याला ऊद म्हटले आहे ती राळ, पहिल्या बरणीत आहे. तिचे हिब्रू नाव ‘पांढरा’ या अर्थाच्या धातूवरून आले आहे, आणि ते का, हे एका सहाणेवर कळते. हरभऱ्याएवढा फिकट पिवळा खडा ओल्या सहाणेवर चार वेळा घासला की दुधासारखा पांढरा ओघळ उतरतो. दाताखाली घेतला तर त्याचा आधी भुगा होतो, मग तो भुगा गोळा होऊन त्याची चिवट गोळी बनते आणि तोंडात लिंबाच्या सालीचा कडसर स्वाद बराच वेळ रेंगाळतो. माल अस्सल असल्याची माझी खात्री इथेच पटली. हे झाड इस्राएलच्या मातीतले नाही. ते ओमानच्या धोफार प्रांतात, येमेनमध्ये आणि समुद्रापलीकडे सोमालियात वाढते, आणि त्याची राळ उंटांच्या तांड्यांवर लादून वाळवंटातून पेत्रामार्गे गाझाच्या बंदराकडे जात असे. त्या वाटेवरची, दक्षिण इस्राएलच्या नेगेव वाळवंटातली हालुत्झा, मामशित, अवदात आणि शिव्ता ही नबाती या प्राचीन अरब व्यापारी लोकांची चार नगरे २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. यिर्मया संदेष्टा जेव्हा देवाच्या वतीने लोकांना विचारतो की शेबाहून आणलेला ऊद मला काय कामाचा, तेव्हा त्या प्रश्नाला धार येते ती वस्तू दूरची आणि महागडी होती म्हणूनच. पुस्तिकेत या प्रवासाला दोन ओळी दिल्या आहेत आणि उंटाचे चित्र मात्र अर्धे पान व्यापते.

बायबलातल्या लेवीय ग्रंथात ऊद कुठे घालायचा आणि कुठे नाही याचा जो हिशेब आहे, तोही पुस्तिकेत यायला हवा होता. अन्नार्पणाच्या सपिठावर तेल ओतून वर ऊद ठेवायचा, याजकाने त्यातले मूठभर सपीठ आणि ऊद मात्र सगळाच वेदीवर जाळायचा, असा नियम आहे. पण ज्याला दोन पारवेही परवडत नाहीत अशा गरिबाने पापार्पण म्हणून सपीठ आणले, तर त्यावर तेल नको आणि ऊदही नको. सुगंधाची चैन प्रायश्चित्ताला नाही, हे इतक्या साध्या तरतुदीतून सांगितलेले मला दुसरीकडे आढळले नाही.

कोळशाच्या वड्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्या चटकन पेटाव्यात म्हणून त्यांत सोरा मिसळलेला असतो, आणि पहिली पाच मिनिटे खोलीत फटाक्यांसारखा वास भरून राहतो. पुस्तिका सांगते की वडी पेटताच राळ टाकावी. तसे केले तर ऊद लगेच उकळून काळा पडतो, धूर डोळ्यांना झोंबतो आणि जळक्या साखरेशिवाय हाताला काही लागत नाही. वडीवर करडी राख धरेपर्यंत थांबावे, मग त्यावर चिमूटभर जाड मीठ पसरून खडा मिठावर ठेवावा. धूर कमी येतो, पण लिंबाचा तो पहिला गंध टिकतो. जाळण्याची रीत हाच मुख्य मुद्दा आहे, हे प्राचीन लोकांना चांगलेच माहीत होते. नेगेवमधल्या अरादच्या किल्ल्यातले, जेरुसलेम राजधानी असलेल्या यहूदाच्या प्राचीन राज्याचे देवस्थान १९६० च्या दशकात योहानान अहारोनी यांच्या उत्खननात सापडले. तिथल्या गर्भगृहाच्या दाराशी इ.स.पू. ८ व्या शतकातल्या चुनखडीच्या दोन वेद्या होत्या, एक ५२ सेंटीमीटर उंच आणि दुसरी ४० सेंटीमीटर. त्यांच्या माथ्यावर राहिलेल्या काळ्या थराचे रासायनिक विश्लेषण २०२० साली प्रसिद्ध झाले. मोठ्या वेदीवर ऊद निघाला, आणि त्याच्याबरोबर जनावराची चरबी, जिच्यामुळे ऊद तापायला हवा तितका तापतो. या वेद्या जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. पेटी घेणाऱ्याने आधी त्या पाहून याव्यात. घरी परतल्यावर मी नखाएवढ्या मेंढीच्या चरबीत ऊदाची पूड कालवून जाळून पाहिली. गंध खरोखरच अधिक दाट आणि सावकाश उठला, परंतु घरातल्यांना तो स्वयंपाकघरातून आला असे वाटले आणि जेवण कधी आहे याची चौकशी सुरू झाली.

दुसऱ्या बरणीत मोर, म्हणजे गंधरस आहे, ज्याला मराठीत बोळ असेही म्हणतात. मोर या नावातच कडूपणा आहे आणि जिभेवर ठेवलेला कण ते नाव सार्थ करतो. ऊद वितळतो, गंधरस वितळत नाही. त्यात डिंकाचा भाग मोठा असल्याने तो निखाऱ्यावर फुगतो, बुडबुडतो आणि शेवटी कोळशासारखा टणक गोळा मागे ठेवतो. धूप म्हणून मला तो फारसा रुचला नाही. त्याचे खरे स्थान धुपाटण्यात नसून कापडात आणि तेलात आहे, असे प्राचीन साहित्य वाचतानाही जाणवते. गीतरत्नातली प्रेयसी आपल्या प्रियकराला छातीवर विसावलेल्या गंधरसाच्या पुरचुंडीची उपमा देते, आणि एस्तेरच्या कथेत राजाकडे जाण्यापूर्वी मुलींना सहा महिने गंधरसाचे तेल आणि आणखी सहा महिने इतर सुगंधी द्रव्ये चोळली जातात. मी चार खडे मलमलीच्या तुकड्यात बांधून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले. अंगाच्या उबेने दुपारपर्यंत त्यांना जो खोल, मातकट, किंचित औषधी वास सुटला तो निखाऱ्यावरच्या वासाहून कितीतरी चांगला होता. पुस्तिकेने हा उपयोग सांगितलेलाच नाही.

तिसऱ्या बरणीवर ‘हेल्बना’ असे लिहिले आहे आणि तिचे झाकण दोनदा चिकटपट्टीने बंद केलेले आहे. कारण उघडताच समजते. आत हिरवट तपकिरी, बोटाला चिकटणारा लगदा असून त्यात देठांचे तुकडे आणि बिया अडकलेल्या दिसतात. वास असा की आधी हिरव्या मिरचीचे देठ मोडल्यासारखे वाटते, मग ओल्या पाल्यासारखे आणि शेवटी काहीतरी कुबट. ही वनस्पती हिंगाच्याच कुळातली, इराणच्या डोंगराळ भागात वाढणारी आहे, आणि हिंगाची डबी उघडणाऱ्या मराठी माणसाला हे नाते सांगावे लागत नाही. अशा वस्तूचे मंदिराच्या धुपात काय काम, असा प्रश्न तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या रब्बींना, म्हणजे धर्मपंडितांनाही पडला होता. बायबलातल्या निर्गम ग्रंथाच्या ३० व्या अध्यायात धुपाची चार द्रव्ये दिली आहेत: नाताफ (एक राळ), शेहेलेत (एका मतानुसार शंखाची झाकणे), हेल्बना आणि शुद्ध लेवोना. हेल्बनाचा वास वाईट असूनही शास्त्राने तिला धुपाच्या द्रव्यांत मोजले, आणि त्यावरूनच एक रब्बी असा निष्कर्ष काढतात की ज्या सामूहिक उपवासात इस्राएलमधले पापी लोक सामील नाहीत तो उपवासच नव्हे.

मी हे वचन अनेकदा ऐकले होते आणि ते प्रवचनकारांच्या सोयीचे आहे असे समजत होतो. पेटी हाती आल्यावर मी मिठावर ऊदाचे दोन खडे ठेवले, ते मऊ पडू लागताच त्यांच्या कडेला मोहरीएवढी हेल्बना टेकवली, आणि त्या वचनात निव्वळ निरीक्षणही आहे हे लक्षात आले. ऊदाचा गंध एरवी वर उठतो आणि विरतो, पण हेल्बनेच्या त्या कणामुळे त्याला जमिनीसारखा आधार मिळाला. दुर्गंधी वेगळी ओळखू येईना आणि पडद्यांमध्ये वास दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहिला. प्रमाण चुकले तर मात्र क्षमा नाही. वाटाण्याएवढा तुकडा टाकल्यावर शेजारच्या मावशींनी दार वाजवून, “अरे, तुझ्याकडे गॅस गळतोय का?” असे विचारले होते.

आता पुस्तिकेतल्या त्या पानाविषयी, ज्यामुळे मी ही पेटी कोणाला भेट देणार नाही. नवव्या पानावर चारही द्रव्ये समान वजनात घेऊन कुटावीत, मीठ घालावे आणि घरी मंदिराचा धूप अनुभवावा, असे निमंत्रण दिले आहे. त्याच अध्यायात, कृतीच्या पुढच्याच ओळींत, वास घेण्यासाठी असा धूप करणाऱ्याचा आपल्या लोकांतून उच्छेद होईल, असे स्पष्ट म्हटले आहे. शिकण्यासाठी केले तर दोष नाही, अशी सवलत तालमूद देतो, परंतु ‘अनुभवावा’ हा शब्द त्या सवलतीत बसत नाही. श्रद्धाळू गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून काढलेल्या वस्तूत कृती छापायची आणि मनाई गाळायची, हा निष्काळजीपणा आहे.

शिवाय त्या चार द्रव्यांनी जेरुसलेमच्या ‘दुसऱ्या मंदिराचा’, म्हणजे पहिले उद्ध्वस्त झाल्यावर बांधलेल्या मंदिराचा, धूप होत नाही. रब्बींच्या परंपरेनुसार त्यात अकरा द्रव्ये होती: राळ, शेहेलेत, हेल्बना आणि ऊद प्रत्येकी ७० माने (हे एक जुने वजन), गंधरस, कॅशिया (दालचिनीसारखी साल), जटामांसी आणि केशर प्रत्येकी १६, कोष्ठ १२, दालचिनी ९ आणि एक सुगंधी साल ३ माने. बेरीज ३६८ होते. वर्षाच्या ३६५ दिवसांसाठी रोज एक माने, अर्धा सकाळी आणि अर्धा संध्याकाळी, आणि उरलेल्या तीनांतून योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक ओंजळी भरून घेत असे. यातली जटामांसी आणि कोष्ठ तर हिमालयातून यायची, म्हणजे ऊद, हेल्बना आणि ही मुळे मिळून तीन दिशांचा व्यापार एका उखळात उतरत होता. त्यात आणखी सदोमचे मीठ आणि ‘धूर चढवणारी’ एक वनस्पती. ती कोणती, हे मंदिराचा धूप बनवणाऱ्या अवतिनास घराण्याला ठाऊक होते आणि त्यांनी ते कोणाला शिकवले नाही. त्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी अलेक्झांड्रियाहून कारागीर आणले, त्यांना मिश्रण जमले, पण धूर खांबासारखा सरळ वर जाईना. शेवटी अवतिनासांना दुप्पट वेतन देऊन परत बोलवावे लागले, असे तालमूद सांगतो. त्या घरातली नवरी मुलगीसुद्धा अंगाला सुगंध लावत नसे, कारण मंदिराचा धूप घरी वापरतात असा संशय कोणाला येऊ नये. माझ्या धुपाटण्यातला धूर पंख्याच्या दिशेने वाकडातिकडा गेला, याबद्दल मी दुकानदाराला दोष देत नाही. पण पेटीवर ‘मंदिराचा’ हा शब्द छापणाऱ्याने अवतिनासांचा निदान उल्लेख करायला हवा होता.

शंखाची झाकणे ही शेहेलेतची एक ओळख आहे. ग्रीक अनुवादात त्यासाठी नखाचा शब्द वापरला गेला त्यावरून ती आली. निषिद्ध प्राण्याचा भाग मंदिरात कसा चालेल, असा आक्षेप घेऊन काही अभ्यासक तिच्याऐवजी एखादी वनस्पती सुचवतात. कोरडे झाकण जाळले तर केस जळल्याचा वास येतो. परंपरा सांगते की शेहेलेत क्षाराने धुवावी आणि सायप्रसच्या वाइनमध्ये भिजवावी. मी एक रात्र साध्या पांढऱ्या वाइनमध्ये भिजवून, वाळवून, पूड करून पाहिली आणि केसांचा वास बराच उतरला. लोत नावाची चौथी राळ, म्हणजे सिस्टस झुडपाच्या पानांवरचा काळा चिकटा, उत्तम आहे. कातड्यासारखा उबदार वास आहे आणि ती थोडीच पुरते. बायबलातल्या कथेत योसेफाला विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या उंटांवर हीच लोत होती, आणि तिच्यासोबत गिलादहून आलेली त्सोरी नावाची राळ. पाचव्या बरणीवर ‘त्सोरी’ असे लिहून आत रुमी मस्तकी भरलेली आहे. मस्तकी छान आहे, पण ती मस्तकी म्हणून विकावी.

तेलांकडे वळल्यावर पेटीचा दर्जा घसरतो. जटामांसीच्या कुपीला ओल्या मुळांचा खरा वास आहे, तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. ‘अभिषेकाचे तेल’ या कुपीला मात्र स्वस्त दालचिनीच्या गोळीचा वास येतो, आणि तिच्या वेष्टनावर चक्क भांगेचे पान छापलेले आहे. निर्गम ग्रंथातली कृती अशी आहे: पातळ गंधरस ५०० शेकेल, सुगंधी दालचिनी २५०, ‘केने बोसेम’ म्हणजे सुगंधी वेत २५०, कॅशिया ५०० आणि एक हीन जैतुनाचे तेल. तिथे शेकेल हे नाणे नव्हते, वजन होते. यहूदाच्या राज्यात सापडलेल्या दगडी वजनांवरून ते सुमारे ११.४ ग्रॅम धरले, तर द्रव्येच १७ किलोच्या घरात जातात, आणि हीन म्हणजे जेमतेम चार ते सहा लिटर. एवढ्याशा तेलात एवढी द्रव्ये मावणार कशी, यावर रब्बींचा वाद झाला. एकाचे म्हणणे, द्रव्यांची मुळे तेलातच उकळली. दुसऱ्याचे म्हणणे, तेवढे तेल मुळांना चोपडायलाही पुरले नसते, तेव्हा मुळे पाण्यात भिजवली, वर तेल सोडले आणि तेलाने गंध ओढून घेतल्यावर ते काढून घेतले. अत्तर गाळणारा माणूस दुसऱ्या बाजूने उभा राहील, असे मला वाटते.

भांगेचे पान आले ते ‘केने बोसेम’ म्हणजे कॅनाबिस, या मानवशास्त्रज्ञ सुला बेनेट यांनी १९३६ साली मांडलेल्या कल्पनेतून. उच्चारसाम्य आकर्षक आहे, तरी बहुतेक अभ्यासक तिथे सुवासिक गवत किंवा वेखंड मानतात. अरादच्या लहान वेदीवर भांगेचे अवशेष निघाले, तेही शेणाबरोबर जाळलेले, हे खरे आहे. त्यावरून यहूदातल्या एका देवस्थानात भांग जळत होती एवढे कळते, अभिषेकाच्या तेलात ती होती हे कळत नाही. पुस्तिका दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबते आणि वर सांगते की तेल मनगटावर लावा. सामान्य माणसाच्या अंगावर हे तेल ओतू नये आणि त्याच प्रमाणात दुसरे करू नये, अशी त्या अध्यायाची आज्ञा आहे. कुपीत त्या द्रव्यांपैकी फारसे काही नसल्यामुळे गिऱ्हाईकाला पाप लागण्याचा संभव तेवढा कमी.

तिसऱ्या कुपीवर ‘अफार्सेमोन’ हे नाव आहे आणि तिच्यातून गोडसर फळाचा वास येतो. आजच्या हिब्रूत अफार्सेमोन हे तेंदूच्या जातीतल्या एका नारिंगी फळाचे नाव आहे, त्यामुळे कारखान्यात कोणीतरी शब्दकोश उघडून पुढचे पान पाहिले नसावे, अशी मला दाट शंका आहे. प्राचीन अफार्सेमोन म्हणजे एन गेदी आणि यरीहो इथल्या बागांतले बाल्सम, म्हणजे सुगंधी राळ देणारे झुडूप. रोमन लेखक प्लिनी लिहितो की त्याच्या सालीला चीर देताना लोखंड लागले तर झुडूप मरते, म्हणून काच, दगड किंवा हाडाची सुरी वापरत. यरीहोच्या बागा रोमन सेनापती अँटनीने इजिप्तच्या क्लिओपात्राला दिल्या आणि यहूदियाचा राजा हेरोद याला त्या तिच्याकडून खंडाने घ्याव्या लागल्या. एन गेदीच्या प्राचीन यहुदी प्रार्थनागृहातल्या फरशीवर गावाचे गुपित परक्यांना सांगणाऱ्याला शाप दिलेला आहे, आणि ते गुपित बाल्समचेच असावे असे अनेकांना वाटते. या तेलाचा वास घेताना म्हणण्यासाठी रब्बींनी इतर सुगंधांहून वेगळा आशीर्वाद ठरवला, इतका त्याचा मान होता. यहूदियाच्या वाळवंटातल्या गुहेत मिळालेले एक बी २०१० साली रुजवले गेले. ते १० व्या ते १२ व्या शतकांच्या दरम्यानचे निघाले आणि त्यातून जवळपास तीन मीटर उंचीचे झाड झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे ते गंधरसाच्याच वंशातले आहे, पण त्याला सुगंध नाही. म्हणून संशोधकांनी ते अफार्सेमोन नसून औषधी त्सोरीचे झाड असण्याची शक्यता मांडली. मस्तकीच्या बरणीवर त्सोरी आणि फळाच्या अर्कावर अफार्सेमोन असे लिहिणाऱ्यांनी या झाडाची गोष्ट छापली असती, तर २२० शेकेलांतले काही तरी वसूल झाले असते.

पेटी घ्यायची गरज नाही. त्याच दुकानात काउंटरच्या मागे ऊद, गंधरस, लोत आणि हेल्बना सुटे वजनावर मिळतात, आणि दुसऱ्या खेपेला मी तेच घेतले. ऊदाचे खडे मुठीत घेऊन फिकट, स्वच्छ आणि धूळ नसलेले निवडावेत. सोरा नसलेला साधा लाकडी कोळसा वेगळा घ्यावा. हेल्बना मात्र काचेच्या बरणीतच मागावी. मी प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत आणली आणि परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा बेर शेवापर्यंत रिकामीच राहिली.